मैदानावरची खाडी

सोमवारी दुपारी विलासचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या दप्तरांना पट्टे लावत बसले होते. विलास माझा धाकटा भाऊ. वीस-बावीस वर्षं झाली, नवी मुंबईच्या कांदा-बटाटा मार्केटात तो माथाडी काम करतो, म्हणजे ट्रकमधल्या गोणी पाठीवर घेऊन उतरवतो. एरवी तो रविवारी फोन करतो आणि आधी आईचे गुडघे विचारतो. त्या दिवशी त्यानं आईचं नावही काढलं नाही.

"अक्का, कापडाला कापड जोडायचं. वरनं वारा, खालनं ओढ, आणि शिवण सुटता कामा नये. जमंल?"

"कसलं कापड?"

"पॅराशूटचं. फुटबॉलचं अख्खं मैदान झाकंल एवढं."

मी मशीन थांबवलं. त्यानं मग नीट सांगितलं. बायकांच्या फुटबॉलची जागतिक स्पर्धा भरत होती, आणि शनिवारी संध्याकाळी तिचा उद्घाटनाचा सोहळा त्यांच्या शेजारच्या स्टेडियममध्ये होता. सोहळ्यात सबंध मैदानावर निळं कापड पसरायचं, त्याखाली तीनशे मुलींनी फिरून लाटा उठवायच्या, आणि शेवटी ते कापड मिनिटभरात ओढून घ्यायचं, कारण लगेच पहिला सामना. ओढायला विलासच्या टोळीतले पन्नास माथाडी निवडले होते. एका तालात ओझं उचलायची सवय दुसऱ्या कुणाला असणार? पण सरावात कापड दोनदा शिवणीवर फाटलं होतं.

"तू इकडं ये," तो म्हणाला. "मी मॅडमना सांगून बसलोय."

"काय सांगून बसलायस?"

"की माझी बहीण मांडव शिवते."

"शिवायची," मी म्हणाले. "दोन वर्षं झाली सोडून."

"ते त्यांना नाही सांगितलं."

मी नाही म्हणणार होते. पण आमच्या कोरेगाव तालुक्यात बसून मैदानाएवढं कापड कधी हाताला लागणार होतं? मंगळवारी सकाळी मी जाड कापडाच्या मशीनचं मुंडकं गोधडीत गुंडाळलं, आईला गावातल्या थोरल्या भावजयीच्या हवाली केलं आणि एसटीत बसले. वाटेचं सांगण्यासारखं काही नाही. मुंडकं मांडीवर असल्यानं पायांना मुंग्या आल्या, एवढंच.

मंगळवार, बोनकोडे

नवी मुंबईत पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, हे शहर कुणीतरी पट्टी ठेवून आखलंय. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, घरांना नावाऐवजी सेक्टर आणि नंबर. विलासनं मुद्दाम रिक्षा खाडीच्या बाजूनं नेली. तिवरांच्या पलीकडे चिखलात शेकडो रोहित पक्षी एका पायावर उभे होते. थंडी संपताना ते सगळ्यात जास्त असतात, विलास म्हणाला. मला वाटलं, कुणीतरी गुलाबी ओढण्या वाळत घातल्यात.

मग रिक्षा एका सेक्टरातून वळली आणि शहर एकदम संपलं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला थांबावं लागेल असा बोळ, दारात तुळस, गच्चीवर वाळणारी मासळी. हे बोनकोडे. चहूबाजूंनी सोसायट्या उठल्या, पण मधोमध गाव आपल्या जागी बसून आहे. विलास तिथं हिराताईंच्या घरात वरची खोली घेऊन राहतो. त्याची बायको तिच्या आजारी आईकडे गेली होती, म्हणून माझं जेवण हिराताईंकडे.

हिराताई माझ्याच वयाच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. माहेर उरणजवळच्या मोरा बंदराचं, भाऊ अजून होडी घेऊन मासेमारीला जातात. मला त्यांनी दारातच "ये गो बाय" म्हटलं आणि पहिल्या घटकेपासून एकेरीवर आणलं. आमच्याकडे पाहुणीला असं एकेरी बोलवलं तर मागून चर्चा होईल. इथं मला बरं वाटलं, मीही तिला हिरा म्हणू लागले.

ताटात तांदळाची भाकरी होती, पांढरी, तळहातावर थापलेली, मऊ. आमच्या ज्वारीच्या भाकरीला जो चरचरीत पापुद्रा असतो तो हिला नाही, पण ती कालवण असं पिऊन घेते की वाटी रिकामी होते. कालवणात बोटाएवढे काळपट मासे होते.

"निवट्या हायेत," हिरा म्हणाली. "खारीच्या चिकलान उर्‍या मारतात."

खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा मी ऐकलाही नव्हता. आमच्याकडे मासा म्हणजे पावसाळ्यात कृष्णेतला, आणि त्यात मासा कमी, काटे फार. मी एक तुकडा तोंडात घालून बराच वेळ जिभेनं चाचपत बसले.

"काय शोधतंस?"

"काटा."

"मधला एकच हाय. तो मी काढला." ती हसून हसून मागे भिंतीला टेकली. मी चार निवट्या खाल्ल्या.

बुधवार, स्टेडियम

फाटकावर माझं ओळखपत्र तयार होतं. फोटो माझा, नाव सुलेमान. फोनवर 'सुमन' असं ऐकून कुणी काय लिहिलं देव जाणे. पहारेकरी एकदा कार्डाकडे आणि एकदा माझ्या पदराकडे बघत होता.

"सुलेमान कोण?"

"मीच असेन," मी म्हणाले.

अर्धा तास उभी राहिले. शेवटी आतून एक उंच, केस कापलेली बाई गळ्यात तीन शिट्ट्या आणि कानात यंत्र घालून पळत आली. केतकी मॅडम, सोहळ्याच्या मांडणीच्या प्रमुख. त्यांनी मला आत घेतलं, पण कार्ड काही बदललं नाही. पुढचे चार दिवस विलासची सगळी टोळी मला सुलेमानभाई म्हणत होती.

बोगद्यासारख्या वाटेतून चालत गेलो आणि समोर मैदान उघडलं. मी एवढी हिरवळ एका तुकड्यात कधी पाहिली नव्हती. आमच्याकडे हिरवं रान म्हणजे कडेला बांध, मध्ये विहीर, कुठं उसाचा तुरा. इथं नजर कशालाच अडत नव्हती, आणि वर चढत गेलेल्या रिकाम्या खुर्च्या आपल्याकडेच बघत आहेत असं वाटत होतं. मी चपला काढल्या. मैदान सांभाळणारे माळीबुवा म्हणाले, "चपला चालतील, खिळा चालणार नाही. कापडाला वजन लावायचं नाही, हूक टोचायचा नाही. गवत शनिवारी सामन्याला लागतंय."

कापड कडेला गोळा करून ठेवलं होतं. मी गुडघ्यावर बसून फाटलेली जागा हातात घेतली.

"सुमनताई, फ्रँकली सांगा," केतकी मॅडम म्हणाल्या. "धागा वीक आहे का? आम्ही दोनदा शिवून घेतलं."

"धागा शाबूत आहे. हे बघा, शिवण फाटलीच नाही. शिवणीशेजारचं कापड फाटलंय. सुईनं जिथं जिथं भोक पाडलं तिथं पोस्टाच्या तिकिटासारखं सुटत गेलंय. तुम्ही दोनदा शिवलं म्हणजे दुप्पट भोकं पाडली."

त्या माझ्या शेजारी गवतावर बसल्या. त्यांनी मग मला खरी अडचण सांगितली. शुक्रवारी संध्याकाळी शेवटची संपूर्ण तालीम. तीत कापड टिकलं तर ठीक, नाहीतर तो भागच काढून टाका असं त्यांना वरून सांगण्यात आलं होतं.

"आणि मुली?"

"मुलींना काय, शेवटी टाळ्या वाजवायला उभं करतील."

बाहेर गाड्या लावायच्या जागेत त्या तीनशे मुली कापडाशिवाय सराव करत होत्या. आसपासच्या शाळांतल्या, गावांतल्या. दोन महिने झाले होते त्यांना. हात डोक्यावर धरून त्या एकदम बसायच्या, एकदम उठायच्या, आणि रांगांतून लाट पळत जायची. हातात काहीच नसताना मला कापड दिसलं.

मी केतकी मॅडमना म्हटलं, शिवण मी बांधते. दोन्ही कडा एकमेकींत दुमडायच्या आणि मध्ये नवार घालायची, खाटेला विणतात ती जाड पट्टी. म्हणजे ओढ कापडावर न येता नवारीवर येते. मांडवाला आम्ही तेच करतो. त्यांनी फोनवर दहा शिंपी आणि मशिनं मागवली. सगळं जमून आलं असं वाटत असतानाच पाच वाजले आणि वारा सुटला.

पश्चिमेकडून, खाडीवरून, स्टेडियमच्या उघड्या बाजूनं तो आत शिरला. गोळा करून ठेवलेल्या कापडाचं एक टोक उचललं गेलं आणि आठ माणसं ते दाबायला धावली. मी नुसती बघत राहिले. नवार कितीही घातली तरी एवढ्या मोठ्या कापडात हा वारा भरला तर ते माणसांसकट उठणार होतं.

"याला झरोके ठेवावे लागतील," मी म्हणाले. "मधून मधून उघड्या खिडक्या. वारा निघून गेला पाहिजे."

तिथं दूरदर्शनच्या प्रक्षेपणाचे एक साहेब उभे होते. त्यांनी लगेच मान हलवली. वरून कॅमेरा आहे, साऱ्या जगाला भोकं दिसतील, पाणी कसं वाटेल ते? केतकी मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. मी कापडाची कड दुमडत राहिले.

संध्याकाळी मी ताटावर नीट जेवले नाही, तेव्हा हिरानं विचारलं. मग मी तिला ते सांगितलं, जे मी विलासशीही कधी नीट बोलले नव्हते. नवरा गेल्यावर त्याचा मांडवाचा धंदा मी चालवला, सगळं कापड माझ्या हातचं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात एका लग्नाला मोठा मांडव घातला. यजमानाला वर आभाळ दिसायला नको होतं, अखंड छत हवं होतं. मी झरोके ठेवते म्हटलं, ते नको म्हणाले, मी ऐकलं. अक्षता पडायच्या आधी वळवाचं वादळ आलं आणि मांडव उचलला. एक वासा एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या खांद्यावर पडला. हाड मोडलं. मला कुणी शब्दानं बोललं नाही. पण नंतर मांडवाचं विचारायला कुणी आलं नाही, आणि आलं असतं तरी मी घेतलं नसतं.

"आता परत कुणीतरी म्हणतंय, अखंड पाहिजे. मी उद्या सकाळी परत जाते, हिरा."

हिरानं माझ्या ताटात भात वाढला. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि हातात एक जुनं जाळं घेऊन आली. बारीक नायलॉनचं, निळं-हिरवं, मिठानं थोडं राठ झालेलं. तिनं ते पंख्याखाली दोन हातांनी ताणून धरलं. जाळं हललंसुद्धा नाही.

"जाल्यान वारा अरकत नाय," ती म्हणाली. तिच्या बोलीत 'जाळं'चं 'जालं' होतं आणि 'अडकत'चं 'अरकत'. "खिरकी ठेव, नि तीवर यो लाव. लांबशी कोनाला दिसनार हाय? खारीचाच रंग हाय याचा."

मी जाळं हातात घेतलं. मग मी जेवले.

गुरुवार, मार्केटातला गाळा

एवढं कापड पसरून शिवायला जागा मिळाली ती विलासच्या मार्केटात, कांद्याच्या एका रिकाम्या गाळ्यात. झाडून, धुऊन घेतला तरी वास जाईना. शेजारच्या गाळ्यांत गोणी उतरत होत्या, लिलाव चालले होते, आणि मध्ये आम्ही निळ्या कापडात कंबरेपर्यंत बुडालेलो. शिंपी म्हणाले, डोळ्यांत पाणी येतंय, टाका दिसत नाही. विलासनं दोन मोठे पंखे आणून लावले.

जाळी मोऱ्याहून यायची होती. हिराचे भाऊ आणि दोन भावजया टेम्पो घेऊन सकाळीच निघाले, पण जासईला कंटेनरच्या गाड्यांची रांग लागलेली, तिथंच दोन तास गेले. आले तेव्हा थोरली भावजय खाली उतरून म्हणाली, "होरीशी आलू असतू तं कवाच पोचलू असतू." होडीनं आलो असतो तर केव्हाच पोचलो असतो, हे मला आता समजू लागलं होतं.

त्यांनी जाळी पसरली, फाटकी बाजूला काढली, आणि बोनकोड्याच्या सहा-सात बायका मांडी घालून बसल्या. जाळ्याची कड दोरीवर चढवायची त्यांची गाठ मी आधी कधी पाहिली नव्हती. ती ओढली की आवळते, सैल सोडली की सरकत नाही. मी त्यांना नवार दाखवली, त्यांनी मला गाठ शिकवली. संध्याकाळी दिवेलागणीला मी काम थांबवलं. थकलेल्या हाताचा टाका सैल पडतो आणि तो दिसत नाही.

पण त्याच्याही आधी, चार वाजता, परीक्षा झाली. खिडक्या लावून झालेला एक पट्टा दहा माथाड्यांनी खांद्यावर घेतला आणि स्टेडियममध्ये नेऊन गवतावर अंथरला. केतकी मॅडम त्या प्रक्षेपणवाल्या साहेबांना घेऊन अगदी वरच्या मजल्यावर गेल्या. आम्ही खाली मुंग्यांएवढे. विलासच्या फोनवर त्यांचा आवाज आला.

"सुमनताई, बिनखिडक्यांचा पट्टा का आणलात? खिडक्यांचा दाखवा."

"हा खिडक्यांचाच आहे."

"कुठे आहेत?"

"तुमच्या समोर. सहा आहेत."

पलीकडे दोघांची कुजबुज झाली. मग साहेबांचाच आवाज आला, "ठीक आहे. शिवा." हिरा माझ्याशेजारी उभी होती. तिनं नुसता पदर खोचला.

शुक्रवार, तालीम

दुपारी सगळे पट्टे जोडून झाले. ते कापड गाळ्यातून न्यायचं दृश्य मी विसरणार नाही. पन्नास माणसं एकामागे एक, प्रत्येकाच्या उजव्या खांद्यावर कापडाची गुंडाळी, आणि सगळ्यांची पावलं एकाच वेळी पडताहेत. मार्केटातली वर्दळ आपोआप बाजूला झाली. कांद्याच्या गोणीवर बसून चहा पिणारे व्यापारी कप हातात धरून उभे राहिले. विलास सगळ्यात पुढे होता. घरी तो पाण्याचा तांब्यादेखील जागेवर ठेवत नाही, आणि इथं त्याच्या एका खाकरण्यावर पन्नास माणसं वळत होती. भावाचं काम मी पहिल्यांदा पाहत होते.

पाच वाजता वारा आलाच. कापडाखाली मुली शिरलेल्या होत्या, कडेनं माथाडी दोर धरून उभे होते. कापड फुगू लागलं. मी शिवणीवर डोळे ठेवले होते आणि कानात तो लग्नातला फटफटाट होता. कापड गुडघाभर उठलं, कंबरेपर्यंत उठलं, आणि मग जाळ्यांतून हवा निघाली. निघताना आवाज झाला, दमलेलं जनावर श्वास सोडतं तसा. कापड परत खाली बसलं, अलगद. पुन्हा उठलं, पुन्हा बसलं. मुलींनी उठवलेल्या लाटेत आता वाऱ्याची लाट मिसळत होती. केतकी मॅडमनी तालीम थांबवली नाही, पण त्यांनी माझा दंड धरला तो सोडला नाही.

शिवण टिकली. ओढणं मात्र बिघडलं. इशारा झाल्यावर सगळ्यांनी एकदम बोगद्याच्या तोंडाकडे धाव घेतली आणि कापडाचा डोंगर तिथंच अडकून बसला. मिनिटाचं काम तिपटीवर गेलं. कानात यंत्रं घातलेली माणसं एकमेकांवर ओरडू लागली.

विलास मधे गेला. "मॅडम, गाडी खाली करताना आम्ही सगळे एकदम फाळक्याला, म्हंजे ट्रकच्या मागच्या दाराला, जात नाय. पहिली थप्पी निघाली की दुसरी. मधला पट्टा आधी आत घेऊ, मग डावा, मग उजवा. तुमची शिट्टी नको. दोर हातात हाय, पुढच्याचा हिसका लागला की मागचा निघंल."

"गर्दीच्या आवाजात चुकलात तर?"

"दोराला कान नसतात, मॅडम."

दुसऱ्या खेपेला कापड बोगद्यात असं शिरलं की मोरीत पाणी जावं. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागल्या. ती सुटलेली नव्हती.

शनिवार

दुपारपासून माणसं येत होती. गालांवर झेंडे रंगवलेली, पोरं खांद्यावर घेतलेली, निरनिराळ्या देशांच्या बायका आपापल्या रंगाचे सदरे घालून वडापाव खाताना. एक उंच परदेशी आजी मिरचीकडे संशयानं बघत होती. मी तिला खुणेनं सांगितलं, बाजूला ठेव. तिनं ती खाल्लीच, आणि मग माझ्या बाटलीतलं अर्धं पाणी संपवलं. तिची नात संघात आहे, एवढं मला तिच्या खुणांवरून समजलं.

मला बोगद्याच्या तोंडाशी उभं केलं होतं, डाव्या बाजूला. तिथं नवारीचं शेवटचं टोक होतं. ते आत येताना कडेला घासू नये म्हणून हातानं वळवायचं, हे माझं काम.

दिवे मालवले. एवढी माणसं एकदम गप्प होताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग कुठूनतरी एक ढोल, मग दहा, मग सबंध स्टेडियमच्या पायऱ्यांवर पेरून ठेवलेले शेकडो. प्रकाशाची एक रेघ मैदानाच्या टोकापासून सरकत आली आणि तिच्याखाली पाणी हललं.

मला माहीत होतं ते कापड आहे. त्यातली प्रत्येक दुमड माझ्या बोटांखालून गेलेली होती, त्याला कांद्याचा वास होता, हेही मला माहीत होतं. तरीही मी पाणी पाहिलं. पहाटेची खाडी असते तशी आधी राखाडी, मग निळी, मग रोहित पक्ष्यांच्या रंगाची. मुलींनी लाट उठवली, ती या कडेपासून त्या कडेला गेली आणि परत आली. बोगद्यातून पाण्याच्या कडेनं होड्या आल्या, शिडांच्या, एकेक देशाचा झेंडा शिडावर घेऊन. लोक आपला झेंडा दिसला की उभे राहत होते. त्या आजीचा झेंडा कुठला ते मला ठाऊक नव्हतं, पण प्रत्येक झेंड्याला मी मनात तिची नात जोडत होते.

वारा आजही होता. वर लावलेल्या पताका ताठ झाल्या आणि खाडी उचलली. या वेळी कानात लग्नातला फटफटाट नव्हता. ती उठली आणि तिनं श्वास सोडला, आणि हजारो लोकांच्या तोंडून त्याच क्षणी एक "आ" निघाला. त्यांना वाटलं, हे असंच ठरवलेलं होतं. काल हिरा म्हणाली होती, वारा काय तो आपलाच हाय, त्यालाबी नाचू दे. सोहळ्यातला तो सगळ्यात सुंदर क्षण होता आणि तो कुणीच बसवलेला नव्हता.

मग होड्या आत गेल्या, आतषबाजी सुरू झाली, सगळ्यांच्या माना वर गेल्या. विलासनं दोराला हिसका दिला.

मला फक्त पावलं दिसली. पन्नास माणसांची, वाकलेली, गवतावर न घसरणारी. मधला पट्टा माझ्या अंगावरून गेल्यासारखा आत गेला, मग डावा. मी तळहात लावला, नवार त्यावरून धावली, कातडी सोलली असावी, कळलं नाही. मग उजवा. त्याच्या मागोमाग कापडाखालून मुली धावत बाहेर आल्या, घामानं भिजलेल्या, हसत, मैदानभर पसरत. शेवटचं टोक माझ्या हातातून सुटलं आणि मी मागे भिंतीवर आदळले. विलास कापडाच्या ढिगावर पालथा पडला होता आणि धापा टाकत विचारत होता, "अक्का, फाटलं का? कुठं फाटलं का?"

"नाही."

केतकी मॅडम आल्या. त्यांनी आपल्या कानातलं यंत्र काढून माझ्या कानाला लावलं. आत कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं. मला त्यातले दोनच शब्द कळले, ग्राउंड क्लिअर. मग दुसरा कुणीतरी तेच म्हणाला, मग तिसरा. बाहेर दोन्ही संघ रांगेत मैदानावर जात होते. पहिल्या मुलीनं आत पाऊल टाकण्याआधी वाकून गवताला हात लावला. गवत कोरं होतं.

केतकी मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. "कांद्याचा वास," त्या म्हणाल्या. माथाडी हसू लागले, आणि हिरा, जिला आत यायचं कार्ड नव्हतं पण जी कशी कोण जाणे आत आलेली होती, तिनं माझा सोललेला हात उघडून त्यावर फुंकर घातली.

घरी

रविवारी निघताना हिरानं सुकटीची पुडी आणि जाळ्याचा वीतभर तुकडा दिला. केतकी मॅडमनी नवं कार्ड करून आणलं होतं, त्यावर नाव बरोबर होतं. मी तेही घेतलं.

गावात सोहळा सगळ्यांनी पाहिला होता, पण मी आल्यावर परत पाहायचा असं ठरलं. सोमवारी संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत वीस-पंचवीस बायका जमल्या. भाच्यानं ते दृश्य मोठ्या पडद्यावर लावलं. खाडी आली, होड्या आल्या, कापडानं श्वास सोडला तेव्हा शेजारची वत्सला "अगं बाई" म्हणाली. मग आतषबाजी झाली आणि मैदान हिरवं झालं.

"थांब थांब," वत्सला म्हणाली. "ते कापड गेलं कुठं?"

भाच्यानं मागं घेतलं. सगळ्या टक लावून बसल्या. पुन्हा आतषबाजी, पुन्हा मुली धावल्या, पुन्हा हिरवं. कुणालाच कळलं नाही. आई पुढे सरकून बसली. "तू कुठं होतीस गं? तू तर कुठंच दिसली नाहीस."

"परत लाव," मी भाच्याला म्हटलं, "आणि फटाक्यांकडं बघू नका. तिथं डाव्या कोपऱ्यात बघा."

त्यानं सावकाश लावलं. आभाळात फुलं उघडत होती आणि खाली, एका काळ्या तोंडात, निळं पाणी आपसूक शिरत होतं. अगदी शेवटी, डोळ्याचं पातं लवतं तेवढाच वेळ, त्या अंधाराच्या कडेला एक उघडा तळहात दिसला.

"ही मी," मी म्हणाले.

आईनं भाच्याच्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाली, "परत लाव."